अंधाराची रंगीत तालीम

दार उघडून ती आत आली, सवयीनं भिंतीवरचं बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. तेवढ्यात आतल्या काळोखातून नवरा ओरडला, "थांब! आहेस तिथंच उभी राहा!" हातातली पिशवी निसटली, तिच्यातला एक कांदा घरंगळत कुठंतरी गेला. सासूबाई गेल्या, हा पहिला विचार. घरात कुणीतरी शिरलंय, हा दुसरा. तिसरा विचार सुचायच्या आत नवऱ्याचा आवाज पुन्हा आला आणि या खेपेला त्यात ती ओळखीची, तुपकट, स्वतःवर खूश असलेली लकेर होती. "आता डावा हात लांब कर. खुंटी लागेल. खुंटीला टॉर्च आहे. बघू या तुला किती वेळ लागतो." म्हणजे तालीम चालली होती. पुढच्या आठवड्यापासून हिवाळाभर रोज संध्याकाळी ठरवून वीज जाणार, अशी सूचना खाली लिफ्टच्या दारावर लागली होती, आणि हा माणूस आठवडाभर आधीच घरातली वीज घालवून बसला होता. तिनं हात लांब केला नाही. ती नुसती उभी राहिली. "सापडली का?" त्यानं विचारलं. "नाही." "अगं, नीट बघ." "अंधारात कशी बघू?" "हातानं बघायचं! तेच तर शिकायचंय." आतल्या खोलीतून सासूबाईंच्या ऑक्सिजनच्या मशीनची घरघर येत होती. तेवढं एक त्यानं आधीच बॅटरीवर टाकलं होतं. त्या घरघरीच्या मागून सासूबाईंचं खोकल्यात मिसळलेलं हसू आलं. ते हसू कुणाला उद्देशून आहे ते तिला बरोबर कळलं, आणि अंधारात, पायाशी पिशवी सांडलेली असताना, तीही ओठ न उघडता हसली.

इमारतीत त्याला सगळे कॅप्टन म्हणत. हा माणूस फौजेत तर सोडाच, शाळेच्या कवायतीतही कधी पुढच्या रांगेत उभा राहिला नसेल. रंगाच्या कारखान्यात गोदामावर त्याचा जन्म गेला होता. डबे आत, डबे बाहेर. निवृत्त झाल्यावर वर्षभर तो खिडकीपाशी असा बसायचा, की पाहुणा चुकून त्याच्यावर कोट टाकेल. मग एकदा पाण्याची टाकी फुटली तेव्हा जिन्यात उभा राहून त्यानं हातवारे केले, पोरांनी चेष्टेनं त्याला कॅप्टन म्हटलं, आणि यानं ती चेष्टा मानाच्या शालीसारखी अंगावर घेतली. तिला वाटलं होतं, महिन्याभरात उतरेल. उतरली नाही. आता तर वीज कपातीची सूचना आली आणि याच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. खिडक्यांच्या फटीत जुन्या चादरी फाडून केलेल्या गुंडाळ्या बसल्या. बैठकीच्या खोलीच्या दाराला जाड पडदा आला, कारण संध्याकाळी घरातली सगळी माणसं एकाच खोलीत बसणार, म्हणजे ऊब टिकणार. घरातली सगळी माणसं म्हणजे तीन. पंप चालणार नाही म्हणून न्हाणीघरात बादल्यांची रांग लागली, आणि आंघोळीला जायचं तर आधी पाण्याच्या त्या पलटणीतून वाट काढावी लागे. थर्मास आले. रबरी पिशव्या आल्या. मेणबत्त्या आल्या, त्या काचेच्या बरण्यांत उभ्या राहिल्या, आणि प्रत्येक बरणीखाली बशी. "ऊब पाण्यासारखी असते," तो जेवताना सांगे, "भोक दिसलं की निघून जाते." हे तो अशा आवाजात सांगे, की जणू हा शोध त्याला गोदामातल्या एखाद्या डब्यात लागला होता. मुलगी दुसऱ्या शहरात होती. ती फोनवर म्हणाली, "आई, बाबांना काहीतरी मिळालंय गं. करू दे ना." करू दे ना! लांब राहणाऱ्यांना मोठं मन परवडतं.

ती दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. कवळ्या करायची. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचे साचे पाठवत, त्यावरून प्लास्टरचे जबडे तयार होत, त्या जबड्यांवर ती मेणाच्या हिरड्या चढवी आणि एकेक दात बसवी. तापलेल्या सुरीनं मेण असं कापायचं, की दात कुणी बसवला आहे असं वाटू नये, उगवला आहे असं वाटावं. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिला ते ठाऊक होतं, मालकाला ठाऊक होतं, आणि मालक ते कधी बोलून दाखवत नसे, म्हणून ती मालकालाही जमेत धरत नसे. आयुष्यभर माणसांची तोंडं उलटीकडून, आतून पाहिल्यावर माणसांबद्दल भ्रम उरत नाहीत. गोड बोलणाऱ्या बाईच्या वरच्या हिरडीला दोन्हीकडून टोकं असतात. करारी म्हणून नावाजलेला माणूस झोपेत इतके दात खातो, की त्याची कवळी वर्षभरात सपाट होते. मालकानं तिला सांगितलं होतं की कपात सुरू झाली की भट्टी संध्याकाळी बंद, तेव्हा सगळ्यांनी सकाळी लवकर यायचं. बाकीच्यांनी कुरकुर केली. पॉलिश करणारा म्हणाला, "मोर्चा काढू या." तो वीस वर्षं दर महिन्याला मोर्चा काढत होता, डबा खाताना. तिला घरी लवकर जावं लागणार, एवढंच तिच्या मनात आलं, आणि तिनं सुरी पुन्हा ज्योतीवर धरली.

इमारतीची सभा झाली तीही तिच्याच घरात, कारण कॅप्टनला खुर्च्या मांडायची हौस. खालच्या मजल्यावरचे निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष म्हणून मधल्या खुर्चीत बसले. वरची शिकवणीवाली बाई आली, कोपऱ्यातला औषधविक्या आला, आणखी चारपाच जण आले. ती चहा देत फिरत होती आणि तिला त्या खोलीत माणसं दिसतच नव्हती. दात दिसत होते. त्यातले निम्मे तिनं बसवलेले. न्यायाधीश बोलत होते, "आपण सर्वांनी संयम बाळगला पाहिजे," आणि त्यांच्या तोंडात संयमावर तिचेच दात आपटत होते. संयम म्हणे! गेल्या वर्षी कवळी हिरडीला लागते म्हणून यांनी डॉक्टरच्या खोलीत ती जमिनीवर फेकली होती, ती तडकलेली कवळी तिनंच सांधली होती. औषधविक्यानं विचारलं, "लिफ्टमध्ये कुणी अडकलं तर?" शिकवणीवाली म्हणाली, "माझी मुलं अंधारात जिन्यावरून कशी उतरणार?" मग सगळे एकदम बोलायला लागले आणि कॅप्टन उठला. त्यानं मजल्यागणिक माणसं नेमून टाकली. कुणी लिफ्टचं दार बघायचं, कुणी जिन्यात कंदील ठेवायचा, आणि वीज गेली की तो स्वतः वरपासून खालपर्यंत प्रत्येक दार ठोठावून सगळे ठीक आहेत ना हे विचारणार. लोकांनी माना डोलावल्या. तिनं पाहिलं, त्या माना खरंच डोलत होत्या. त्यांच्यापैकी कुणालाही जिन्यात उभं राहायचं नव्हतं, एक येडा आयताच मिळाला होता, आणि त्या येड्याच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. जाताना न्यायाधीश तिला म्हणाले, "भाग्यवान आहात." ती म्हणाली, "हो ना. दात ठीक आहेत का?" त्यांनी पटकन तोंड मिटलं. तो दिवसभरातला तिचा एकमेव आनंद.

सासूबाईंना ती आवडत नव्हती आणि सासूबाई तिला आवडत नव्हत्या, पण गेल्या दोन वर्षांत दोघींच्यात एक वेगळंच काहीतरी जमून आलं होतं. फुप्फुसं निकामी होत गेली तशी म्हातारी पलंगाला खिळली. नाकाला नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला पलंगाशेजारचं ते गुडघाभर उंचीचं मशीन. रात्रंदिवस घरघर. बोलायला वारा पुरत नव्हता म्हणून म्हातारी कमी बोलायला लागली, आणि कमी बोलायला लागल्यावर तिच्या बोलण्याला धार आली. उरलेला श्वास ती फक्त लायक गोष्टींवर खर्च करत होती, आणि सगळ्यांत लायक गोष्ट म्हणजे तिचा मुलगा. "हा लहानपणी," एकदा अंग पुसून घेताना ती म्हणाली, "शाळेला सुट्टी लागली… की शाळा कधी उघडणार… म्हणून रडायचा." दुसऱ्यांदा, तो बॅटरी ओढत खोलीत आला आणि तिच्या पलंगाखाली सरकवून गेला तेव्हा, "आता मला… खालून पण… विजेवर ठेवणार." सुनेला हसू आवरलं नाही. ती हसली तेव्हा म्हातारीनं डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं, गिऱ्हाईक पटलं की दुकानदार पाहतो तसं. तेव्हापासून दोघी त्याच्या पाठीमागे, त्याच्या खटाटोपाच्या आडोशाला, एकमेकींना सामील होत्या. मनातून तिला वाटे, या बाईनं मला पंचवीस वर्षं छळलं, मिठापासून मुलीच्या रंगापर्यंत कशावरून म्हणून बोलायची ठेवली नाही, पण निदान या बाईला दिसतं. दिसणाऱ्या माणसाला सगळं माफ.

"आईजवळ तू बसायचंस," कॅप्टननं तिला सांगितलं. "वीज गेली की मशीन शिट्टी मारेल. घाबरायचं नाही. भिंतीतला प्लग काढायचा, बॅटरीत घालायचा, बटण दाबायचं. बस. मी तेवढ्यात जिना उतरून येतो." "तुम्हीच का बसत नाही?" "अगं, माझ्यावर सगळी इमारत आहे." हे वाक्य उच्चारताना तो किंचित ताठ झाला होता. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं, की दुसरा कुणी असता तर जागच्या जागी आक्रसला असता. तो आक्रसला नाही. तिच्या नजरेचं त्याला कधी काही झालंच नाही, हेच तर दुखणं होतं. थंड पाण्यात हात घालावा तसा तो तिच्या तिरस्कारात हात घालायचा आणि म्हणायचा, थोडं गार आहे नाही?

कपातीचा पहिला दिवस आला. ढगाळ, बोचरा, दुपारीच संध्याकाळ झाल्यासारखा. ती लॅबमधून लवकर आली, थर्मास भरले, रबरी पिशवीत गरम पाणी घालून म्हातारीच्या पायाशी ठेवली. कॅप्टन कानटोपी, हातमोजे, गळ्यात शिट्टी असा दारात उभा. "सगळं आठवतंय ना?" "हो." "प्लग…" "हो म्हटलं ना!" तो गेला. ती खुर्ची ओढून पलंगाशी बसली. खिडकीतून समोरच्या इमारतींचे दिवे दिसत होते, आणि मग ते दिसेनासे झाले, एकेक रांग करून नाही, तर कुणीतरी पान उलटावं तसे एकदम. मशीनची घरघर खाली खाली उतरत बंद पडली आणि तीक्ष्ण शिट्टी सुरू झाली. जिन्यातून लोकांचा "गेली, गेली!" असा गिल्ला आला, आणि त्या गिल्ल्यावर कॅप्टनचा आवाज, "शांत राहा! सगळे शांत राहा!" ती वाकली, भिंतीतला प्लग काढला. मशीनची शिट्टी बंद करायचं बटण चाचपडत दाबलं. आणि प्लग बॅटरीत घालणार, एवढ्यात म्हातारीचा हात तिच्या मनगटावर आला.

"नको," म्हातारी म्हणाली. "जरा वेळ… नको लावू."

"आई?"

"दोन वर्षं… ती घरघर. जरा… गप्प बसू दे."

डॉक्टरांनी सांगितलं होतं, थोडा वेळ मशीन नसलं तरी चालेल, पण थोडाच. तिनं प्लग हातात धरून ठेवला. मग हळूच खाली जमिनीवर ठेवला. आणि खोलीत शांतता आली. इतकी मोठी शांतता त्या घरात आहे हे तिला माहीतच नव्हतं. कुठं ठेवली होती ती इतके दिवस? रबरी पिशवीतलं पाणी हललं ते ऐकू आलं. कपाटाचं लाकूड थंडीनं कुरकुरलं ते ऐकू आलं. म्हातारीचा श्वास ऐकू आला, कागद फाडत जावा तसा, पण तोही शांततेतलाच होता, तिचा स्वतःचा होता. "ऐक," म्हातारी पुटपुटली, "तो… कुत्र्यासारखा… भुंकतोय." खाली कॅप्टन कुणालातरी लिफ्टपासून लांब व्हायला सांगत होता. दोघी हसल्या. म्हातारीचं हसणं मध्येच तुटलं.

टॉर्च तिच्या मांडीवर होती. तिनं ती लावली नाही. लावायचं कारणच काय, असं तिनं स्वतःला सांगितलं. मेणबत्ती बैठकीच्या खोलीत आहे, आणता येईल, आणायची कशाला. अंधार बरा होता. अंधारात कुणाचे दात दिसत नव्हते. तिला आठवलं, लग्नाच्या पहिल्या वर्षी ते दोघं एका तळ्यावर गेले होते. होडीतून पलीकडे जायचं होतं आणि धुकं होतं. होडी सुटायला अजून बराच वेळ होता, आणि हा गेला होता नावाड्याला विचारायला, की बुडणाऱ्यासाठी काय सोय आहे. नावाड्यानं हसून कुठूनतरी एक मळकं, नारिंगी, फुगीर जाकीट काढून दिलं. यानं ते घातलं. काठावर घातलं. कोरड्या जमिनीवर, बाकावर, धुक्यात, ते जाकीट घालून, बंद लावून, गळा आवळून तो बसला, आणि सगळी माणसं हसायला लागली. ती उठली आणि लांबच्या एका बाकावर जाऊन बसली, आपण याच्याबरोबर आलोच नाही अशी. थोड्या वेळानं तो तिला शोधायला लागला. धुक्यात तो नारिंगी ठिपका इकडून तिकडे फिरत होता, मान वर करत होता, आणि ती दिसल्यावर त्यानं आनंदानं दोन्ही हात हलवले, आणि ओरडून सांगितलं, "तुझ्यासाठी पण मिळालंय!" सगळ्या माणसांनी वळून तिच्याकडे पाहिलं. तिथून सुरुवात. तेव्हापासून ती त्या लांबच्या बाकावरच बसून होती. संसार झाला, मूल झालं, माणसं आली गेली, पण ती बाक सोडून उठली नव्हती. आणि तिथून सगळं कसं स्पष्ट दिसत होतं, किती बरं होतं तिथं, कोरडं, उंच, वाऱ्यावर.

म्हातारीची बोटं तिच्या मनगटावर आवळली. मघापासून ती तिथंच होती, पण आता आवळली. सोडली. पुन्हा आवळली. तिला कळेना, की ही पकड आता लाव म्हणते आहे की अजून राहू दे म्हणते आहे. "आई?" उत्तर आलं नाही. श्वास लहान झाला होता, भरभर झाला होता, वरच्यावर कुठंतरी अडकून परत फिरत होता. टॉर्च लावली असती तर तिला म्हातारीचे ओठ दिसले असते, ओठांचा रंग दिसला असता. डॉक्टरांनी रंगाकडे बघा असं सांगितलं होतं. तिचा अंगठा टॉर्चच्या बटणावर होता. तो तिथंच राहिला. अजून एक क्षण, तिला वाटलं. म्हणजे नेमकं काय वाटलं, ते तिला पुढंही कधी नीट पकडता आलं नाही. म्हातारीला हवी ती शांतता द्यावी, असं वाटलं का? की या बाईचे पंचवीस वर्षांचे शब्द अंधारात एकेक करून विझत होते आणि ते ऐकायला बरं वाटत होतं? की काहीच वाटलं नाही, आणि ती नुसती बसली होती, आयुष्यभर बसली तशी?

दार धाडकन उघडलं. टॉर्चचा झोत भिंतीवरून, छतावरून, पलंगावर आला आणि थांबला. कॅप्टन धापा टाकत होता. तो म्हणाला, "मशीन ऐकू येईना मला. जिन्यातून ऐकू येतं एरवी. आई? आई!" त्या झोतात म्हातारीचा चेहरा राखेसारखा होता, ओठ जांभळट. डोळे मात्र उघडे होते, मोठे, ओले, आणि ते मुलाकडे लागले होते. त्या डोळ्यांत चेष्टेचा मागमूस नव्हता. फक्त भीती होती, लहान मुलाची असते तशी.

"हिनं…" म्हातारी म्हणाली, "हिनं… लावलंच नाही रे."

तिला वाटलं, आपण खुर्चीसकट खाली चाललो आहोत. बोलायला तोंड उघडलं, तुम्हीच नको म्हणालात ना, हे वाक्य जिभेवर आलं, आणि तिला दिसलं की ते वाक्य कितीही खरं असलं तरी बाहेर काढल्यावर खोटं होणार आहे. कॅप्टननं झोत खाली नेला. जमिनीवर प्लग पडला होता, नीट, सरळ, वायर बाजूला वळवून, कुणीतरी काळजीनं ठेवावा तसा. झोत त्या प्लगवर थांबला. मग तिच्या चेहऱ्यावर आला. तिनं डोळे मिटले नाहीत. उजेडाच्या मागे त्याचा चेहरा दिसत नव्हता. ती इतकी वर्षं त्याच्याकडे पाहत आली होती, पण तो तिच्याकडे असा पाहू शकतो हे तिला कधी सुचलंच नव्हतं.

"सॉकेट सैल आहे तो," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता, गोदामात एखादा डबा चुकीच्या फळीवर सापडला तर निघेल तसा. "गळून पडला असणार प्लग. मला सकाळीच शंका होती. माझीच चूक, आई. तिनं लावला होता." आणि गुडघ्यावर बसून त्यानं प्लग उचलला आणि बॅटरीत घातला. सॉकेट सैल नव्हता. आदल्या दिवशी त्यानं तिच्याकडून करून घेतलं होतं तेव्हा प्लग इतका घट्ट बसला होता, की बाहेर काढायला तिला दोन्ही हात लावावे लागले होते, आणि तो शेजारी उभा राहून म्हणाला होता, बघ, भूकंप झाला तरी निघायचा नाही. आताही त्याला तळहातानं दाबावा लागला. बटण दाबल्यावर मशीन सुरू झालं. घरघर खालून वर चढत गेली. त्यानं आईच्या नाकातली नळी नीट केली, हातमोजा दातांनी ओढून काढला आणि उघड्या हातानं तिचं कपाळ चोळत राहिला. "आलो ना मी. आलो ना. हळू घे श्वास. हळू." म्हातारीनं त्याची बाही मुठीत धरली. "कुठं… गेला होतास?" "इथंच होतो, जिन्यात. आता नाही जात." ओठांवरची जांभळी छटा हळूहळू उतरत गेली. ते त्याच्या टॉर्चच्या उजेडात दिसत होतं, कारण तो बघत होता. ती खुर्चीत होती. दारात शिकवणीवाली आणि औषधविक्या येऊन उभे राहिले. "काही हवंय का?" कुणीतरी विचारलं. "काही नाही, काही नाही," तो मान न वळवता म्हणाला, "प्लग निघाला होता. आमच्या हिनं पाहिलं म्हणून बरं." आणि ती दोघं तिच्याकडे पाहून आपल्या स्वच्छ, सरळ, तिनं बसवलेल्या दातांनी हसली.

तिला राग आला. निदान राग तरी यावा म्हणून तिनं मनात काड्या घातल्या. हा कोण मला माफ करणारा? विचारत का नाही? ओरडत का नाही? ओरडला असता, हात उगारला असता, तर तो पुन्हा तोच येडा झाला असता आणि तिला परत आपल्या बाकावर जाऊन बसता आलं असतं. त्याला कळलंय, की नाही कळलेलं? खरंच सॉकेट सैल वाटतो का याला? तिनं त्या शक्यतेला घट्ट धरून पाहिलं. हा इतका बावळट आहे की याला खरंच तसं वाटलं. पण त्याच्या आवाजातला तो साधेपणा तिला ठाऊक होता. त्या आवाजात तो कधीच काही खोटं सांगत नसे, आणि म्हणूनच तो आवाज त्यानं आज निवडला होता.

वीज आली तेव्हा जिन्यात सगळे ओरडले, "आली, आली!" कुणीतरी टाळ्या वाजवल्या. खोलीतला दिवा डोळ्यांवर आदळला. म्हातारीला झोप लागली होती, तोंड किंचित उघडं, बाही अजून मुठीत. कॅप्टननं हळूच एकेक बोट सोडवलं. प्लग बॅटरीतून काढून भिंतीत घातला. मग तो उठला, कंबरेवर हात ठेवून जरा वाकला, आणि पहिल्यांदा तिच्याकडे वळला. उजेडात त्याचा चेहरा दिसला. कानटोपीनं कपाळावर लाल वळ उठला होता आणि नाक वाहत होतं. हसण्यासारखा चेहरा. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि वाट पाहिली, आतून नेहमीचं ते थंड पाणी वर येण्याची.

"चहा टाकू का?" तिनं विचारलं.

"टाक." तो दारापर्यंत गेला, गळ्यातली शिट्टी काढून हातात घेतली, आणि पाठमोरा असतानाच, आवाज न चढवता, अगदी मऊपणानं म्हणाला, "उद्यापासून मी बसत जाईन आईजवळ. तू जिन्याचं बघ."

तिनं त्या वाक्याला उलटंपालटं करून पाहिलं. त्यात चूक काढायला तिला काहीच सापडलं नाही.